तिसरी सीडी

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. ज्यांना बोलायचं नसेल त्यांनी खुशाल बोलू नये. मी बोलणार आहे. माझा भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, जिवंत होता तोवर मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. आमच्यात रीतच नाही तशी. भासऱ्यासमोर बसायचं नाही, तोंड वर करून बघायचं नाही, बोलायचं तर मुळीच नाही. काही सांगायचंच असलं तर भिंतीला सांगायचं, लेकराला सांगायचं, नाहीतर म्हशीला. त्याच्याबद्दल बोलताना 'अहो-जाहो' करत मी उभा जन्म काढला. आता कागदावर 'अरे-तुरे' करते. इथं मला कोण अडवतंय?

माझं माहेर साखऱ्याचं. सेनगावकडचा कोरडवाहू भाग, पाणी कमी पण माणसं मोकळी. गणपतीत गावात व्हिडिओ यायचा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी घालून टीव्ही आणायचे, देवळापुढं टेबलावर मांडायचे, आणि आम्ही पोरी सगळ्यांच्या पुढं, मातीत फतकल मारून बसायचो. कॅसेट घासून घासून पार गेलेली असायची. पडद्यावर पांढऱ्या रेघा वरून खाली जायच्या, माणसांची तोंडं हिरवी दिसायची, पण सिनेमा शेवटपर्यंत बघायला मिळायचा. माझ्या बापानं कधी 'उठ' म्हटलं नाही. तिथंच मी त्या दिग्दर्शकाचा पहिला सिनेमा पाहिला.

त्याचं नाव मी लिहीत नाही. कुणाचंच लिहिणार नाही, नावं लिहायला बसले तर भांडणं लागतील. तो खुनाचेच सिनेमे काढायचा. गाणी कमी, मारामारी जवळपास नाही. एक मोठं घर, त्यात आठ-दहा माणसं, एक मढं, आणि मारणारा त्यांच्यातलाच. त्या दिवशी घरी जाताना मला कंदिलाची पण भीती वाटत होती, आणि तरी पुढचा कधी येतो असं झालं होतं. पुढच्या वर्षी पुढचा आला. त्यात माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. त्याच्या सिनेमात जेवायचा एक प्रसंग हमखास असतो. सगळे टेबलाभोवती बसतात, वाढणं होतं, बोलणं होतं. आणि जो मारणारा असतो, तो घास तोंडात घालत नाही. चमचा फिरवतो, पाणी पितो, दुसऱ्याला वाढतो, पण खात नाही. जी पोर कळायला लागल्यापासून घरादाराला जेवायला वाढत आलीय तिला कोण जेवलं नाही हे बराबर दिसतं. मला दिसलं.

लग्न होऊन मी कुरुंद्याला आले. इकडं हळदीचं गाव, पाणी भरपूर, घरात माणसं पण भरपूर. तोवर कॅसेटी गेल्या होत्या आणि सीडी आल्या होत्या. भासरा वसमतहून प्लेयर आणि सीडी भाड्यानं आणायचा, ते पण अमावस्येला. अमावस्येला आमच्याकडं कुणी औत धरत नाही, बैल जुंपत नाहीत. बाप्ये दिवसभर रिकामे. दुपारची जेवणं झाली की ओसरीवर टीव्ही लागायचा, गल्लीतले दहा-पंधरा जण यायचे, आणि दारं लावून अंधार करायचे. आम्ही दोघी जावा स्वयंपाकघराच्या दाराआडून बघायचो. मोठी जाऊ हट्ट्याची, स्वभावानं गरीब गाय. ती उंबऱ्याच्या आत पाटावर बसायची, मी चौकटीला टेकून उभी. भासरा समोर असला की आम्हांला पुढं यायची सोय नव्हती. चालायचं. मान वाकडी करून का होईना, दिसत होतं.

त्या दिग्दर्शकाचे सिनेमे लांबलचक. दुसऱ्यांचे दोन सीडीत संपायचे, याचे तीन सीडीत. पहिल्या सीडीत मढं पडायचं, दुसरीत सगळ्यांवर संशय यायचा, आणि तिसरीत मारणारा सापडायचा. पातळ प्लास्टिकच्या पाकिटावर त्याचं चित्र असायचं, हातमोजा घातलेला हात नाहीतर उघडं दार. दुसरी सीडी संपली की प्लेयर बंद व्हायचा, आणि ती काढून तिसरी घालेपर्यंत ओसरीवर पैजा लागायच्या.

एका अमावस्येला भासरा छाती ठोकून म्हणाला, "वकीलच हाय. लिहून घ्या माझ्याकडून."

सगळ्यांनी माना डोलावल्या. थोरल्याच्या घरचा चहा पिताना मान डोलवावीच लागते. माझी पोरगी तेव्हा लहान, माझ्या पायाशी बसलेली. तिनं विचारलं, "आये, वकील हाय का गं?"

मी आपली सहज बोलून गेले. "न्हाई गं. माळीदादा हाय. समद्यांनी खाल्लं, त्यानं घास तोंडाला लावला न्हाई."

आवाज जरा मोठा निघाला. ओसरीवर कुणीतरी खुसखुसलं. मग तिसरी सीडी लागली, आणि माळीच निघाला. गल्लीतल्या बाप्यांनी भासऱ्याची अशी काही फिरकी घेतली म्हणता! "दादा, तुमच्यापरीस तुमच्या घरच्या चुलीला जास्त कळतं की!" "आता फिर्याद घेऊन पोलिसात जायचं न्हाई, तुमच्या घरी भाकर खायला यायचं!" भासरा हसला. पण मी दारातून बघितलं, कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्या दिवसापासून त्यानं माझ्यावर डूख धरला.

पुढच्या अमावस्येला दुसरी सीडी संपली तशी तो उठला, धोतर झटकलं, आणि आत तोंड करून, चुलीला सांगितल्यासारखं म्हणाला, "उठा. भाकरी टाका. मंडळी जेवूनच जातील."

दिवस मावळायला अजून वेळ होता. कुणालाही भूक नव्हती. पण भासऱ्यानं म्हटल्यावर झालं! जाऊबाई उठली, पीठ काढलं. मी तवा ठेवला. आणि आम्ही परातीपाशी गेलो तशी त्यानं तिसरी सीडी घातली.

भाकरी थापताना आवाज किती होतो हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच माझी तकलीफ कळेल. ओसरीवरून बोलणं ऐकू यायचं, "खून ज्यानं केलाय तो याच खोलीत हाय," आणि नेमकं पुढचं नाव थाप-थाप-थाप यात बुडून जायचं. हात थांबवावा तर बाहेरून हाक, "तवा गार पडला का काय?" मला सिनेमाची किंकाळी ऐकू यायची, संगीत ऐकू यायचं, बाप्यांचं "आरं तिच्या मायला!" ऐकू यायचं. फक्त कोण ते ऐकू यायचं नाही. जेवायला वाढताना मी सगळ्यांच्या तोंडाकडं बघायचे. सगळ्यांना ठाऊक झालेलं असायचं. माझ्या घरात, माझ्या हातची भाकरी खात, मला सोडून सगळ्यांना ठाऊक.

नवऱ्याला विचारावं तर तो म्हणायचा, "दादाला इचार." भावाच्या शब्दाबाहेर जाणं त्याला जमलंच नाही कधी. मग पोरीला पाठवायचे भासऱ्याकडं. तो तिला मोठ्या प्रेमानं सांगायचा. "सून निघाली, बाळा." दुसऱ्या सिनेमाला, "सून निघाली." तिसऱ्याला पण सूनच. कधीतरी चव बदल म्हणून भावजय. मी भोळी, खरं मानलं. ताटातलं ज्यानं खाल्लं नव्हतं तो माणूस मी तिन्ही वेळा ओळखला होता, तरी म्हटलं, आपली नजर चुकली असेल. माझ्या स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास त्यानं असा उडवला, त्याचा मला सगळ्यांत जास्त राग आहे.

एका दिवाळीला साखऱ्याला गेले. भावानं त्यातलाच एक सिनेमा आणलेला. मी शहाणी, सुरू व्हायच्या आधीच चारचौघींत सांगून टाकलं, "मी पाह्यलाय. धाकटी सून मारती." सिनेमा शेवटपर्यंत बघितला तर निघाला डॉक्टर. जेवणाच्या टेबलावर ज्यानं नुसतं पाणी पिलं होतं तोच. माझी भावजय पोट धरून हसली. "वन्सं, तुमी तिथं सिनेमा पाहता का झोपा काढता?" मी पण हसले. मोरीत जाऊन तोंड धुतलं, आणि तिथं रडले.

ही गोष्ट कुरुंद्यापर्यंत कशी आली देव जाणे. भासऱ्यानं तिचं सोनं केलं. गल्लीत सांगत सुटला, "आमच्या धाकट्याच्या बायकोकडं दोनच सीड्या हायेत. तिसरी देवानं घातलीच न्हाई." झालं! माझं नावच पडलं. भाजीत मीठ विसरलं, तिसरी सीडी नाही. बँकेत सही चुकली, तिसरी सीडी नाही. गल्लीतली शेंबडी पोरं पण म्हणायची. मी गप्प बसायचे. बोलायचं कुणाला? ज्याला बोलायचं त्याच्याशी बोलायची रीत नव्हती.

माझ्या पोरीला बघायला पाहुणे आले तो दिवस मात्र मी विसरणार नाही. पोरगी चहा घेऊन बाहेर गेली. मी आत पडद्यामागं उभी. पाहुण्यांनी विचारलं, शिकली किती, स्वयंपाक येतो का. आणि भासरा मांडीवर थाप मारून म्हणाला, "हुशार हाय हो पोरगी. बापावर गेली. आईवर गेली असती तर अवघड व्हतं, आईची तिसरी सीडी गायब हाय!" सगळे खो-खो हसले. माझा नवरा पण हसला. पोरीच्या हातातला ट्रे हलला, एवढं मी पडद्याच्या फटीतून बघितलं. लग्न जमलं, सगळं चांगलं झालं. पण त्याच उंबऱ्यात मी मनाशी गाठ मारली. म्हटलं, भासरेबुवा, एक ना एक दिवस शेवट माझ्या हातात असेल, तुमी दारात असाल, आणि मी तुमाला भाकरी टाकायला लावीन.

तो दिवस यायची वाट त्यानंच करून दिली.

त्या दिग्दर्शकाचा शेवटचा सिनेमा आला तेव्हा सीडीचा धंदा मोडायला लागला होता. वसमतच्या दुकानदारानं दुकान बंद करता करता भासऱ्याला त्याच्या तिन्ही सीड्या आणि प्लेयर कायमचेच देऊन टाकले. ऐन हळदीचा हंगाम. अमावस्या यायला चार-आठ दिवस होते. एव्हाना आम्हां दोघी जावांना प्लेयर लावता येतो हे भासऱ्याला कळलं होतं. आपण शेतात गेल्यावर या बायका तिसरी सीडी बघून घेतील, ही त्याला धास्ती. घरात लपवावी तर आम्ही घराचा कोपरा न कोपरा झाडणाऱ्या. म्हणून पठ्ठ्यानं ती कुठं तरी नेऊन ठेवली. कुठं, ते मला लई वर्षांनी कळलं.

अमावस्येला सिनेमा लागला. मोठा वाडा, म्हातारा मालक मेलेला, तीन पोरं, एक सून, एक मुनीम, एक डॉक्टर. दोन सीड्या झाल्या. माणसं तिसरीची वाट बघत बसली, आम्ही पीठ मळून तयार. आणि भासरा म्हणाला, "तिसरी सीडी दुकानातूनच खराब निघाली. पर म्या वसमतला पाह्यलीय. सून निघती." बाप्ये हळहळले आणि उठून गेले. मी परातीपाशी उभी राहून म्हटलं, सून? सुनेनं तर दोन वेळा वाढून घेऊन खाल्लं होतं. पण माझ्या म्हणण्याला विचारतो कोण?

त्यानंतर सगळंच बदललं. वाटण्या झाल्या, भासरा शेजारीच वेगळा राहायला गेला. घरोघरी डिश लागल्या, मग मोबाईल आले. त्या दिग्दर्शकाचे बाकीचे सिनेमे टीव्हीवर लागून लागून शिळे झाले. मी एकेक करून सगळ्यांचे शेवट बघितले. एकाही सिनेमात सून निघाली नाही. एकाही नाही! प्रत्येक वेळी मी ओळखलेलाच माणूस निघाला. मी एकटीच टीव्हीपुढं बसून म्हणायचे, "बघ, मेल्या, बघ." पण तो शेवटचा सिनेमा काही लागेना. पोरीनं मोबाईलवर शोधलं, म्हणाली, "आई, त्याच्या हक्कावरून दिग्दर्शकाच्या घरातल्यांची भांडणं लागलीत. कुठंच न्हाई तो."

आणि गेल्या साली पोरगी नांदेडहून आली ती पिशवीत एक डबा घेऊन. जुन्या सामानाच्या दुकानात सापडला म्हणाली. डीव्हीडीचा संच, त्या दिग्दर्शकाचे सगळे सिनेमे, चांगल्या जाड पुठ्ठ्यात, आणि जुना प्लेयर पण. शेवटचा सिनेमा त्यात होता. अख्खा सिनेमा एकाच चकतीवर. मधी उठायला जागाच नाही. दुपारी दार लावलं, बाजेवर पाय वर घेऊन बसले, शेंगदाणे घेतले, आणि शेवटपर्यंत बघितला. कोण निघालं म्हणून काय विचारता! मी टाळीच वाजवली. शेवटी तो दिग्दर्शक खुर्चीवर बसून बोलतो, ते पण बघितलं. तो म्हणतो की आपला शेवट बघितल्याशिवाय थेटरातून कुणी उठत नाही. म्हटलं, बाबा, एकदा कुरुंद्याला ये.

गावात गोष्ट लपत नाही. नवऱ्यानं भावाला सांगितलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी मी गोठ्यात धार काढत होते, आणि मागं खोकल्याचा आवाज आला. भासरा. काठी टेकत आलेला. आता थकला होता, दम लागायचा. मी पदर पुढं ओढला. तो म्हशीपुढं उभा राहिला आणि म्हशीच्या तोंडाकडं बघत बोलायला लागला.

"म्हसाबाय, तुह्या मालकिणीपाशी म्हणं तो शिनेमा आलाय."

मी धार काढत राहिले.

"कोण निघालं, इचार बरं तिला."

मी म्हशीच्या कासेला सांगितलं, "म्हसाबाय, त्याहिला सांग, सून निघती म्हणून तेच सांगत व्हते की. वसमतला पाह्यला व्हता ना त्याहिनी?"

त्यानं काठीनं शेण उकरलं. मग म्हणाला, "म्हसाबाय, न्हाई पाह्यला म्या. ती सीडी म्या शेतातल्या आखाड्यावर वाळू घातलेल्या हळदीखाली ठिवली व्हती. बायका तिथं हुडकणार न्हाईत म्हणून. आन हळद पायानं फिरवता फिरवता माह्याच टाचेखाली आली. कडकन् मोडली. कुणाला सांगू?"

मी तोंड म्हशीच्या पोटाआड लपवलं. हसू आवरेना. आम्हांला शेवट दिसू नये म्हणून त्यानं तो हळदीखाली पुरला आणि स्वतःच्याच पायानं तुडवला! इतकी वर्षं, गावभर 'सून निघाली' सांगत फिरणाऱ्याला स्वतःला ठाऊक नव्हतं. माझी तिसरी सीडी नाही म्हणणाऱ्याची तिसरी सीडी हळदीत गेली होती.

"म्हसाबाय," तो म्हणाला, आणि आवाज पार बदललेला, "रोज डोक्यात येतंय गं. रातच्याला झोप न्हाई. तो मुनीम का तो डॉक्टर? एवढं सांगायला लाव तिला."

मी चरवी उचलली. म्हशीच्या पाठीवर हात फिरवला. म्हटलं, "म्हसाबाय, त्याहिला सांग, मला भाकरी टाकायच्यात." आणि आत निघून गेले. खरं सांगते, त्या दिवशीची भाकरी जेवढी गोड लागली तेवढी कधी लागली नाही.

तो रोज येऊ लागला. रोज म्हशीला विचारायचा. मी रोज भाकरी टाकायला जायचे. नवऱ्यानं भावासाठी ती चकती मागितली, मी म्हटलं पोरीनं परत नेली. पिठाच्या डब्यात होती, पण पिठाच्या डब्यात बाप्ये हात घालत नाहीत. मग दम वाढला, भासऱ्याचं येणं थांबलं. त्यानं जाऊबाईला पाठवलं. तिनं विचारलं, "सांग की गं बाई, जीव टांगून बसलेत." तिला सांगितलं असतं, पण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. नवऱ्यानं डोळे वटारले की सगळं ओकली असती. म्हटलं, "बाई, तुमाला नंतर सांगीन. तुमाला एकटीला." एक दिवस मी पेज घेऊन गेले तेव्हा तो बाजेवर पडलेला. जवळपास म्हैस नव्हती, लेकरू नव्हतं. त्यानं थेट माझ्याकडं बघितलं आणि भुवया उचलल्या. तेवढंच. मी पेजेची वाटी खाली ठेवली. एक शब्द होता नुसता. दोन अक्षरं, तीन अक्षरं, काय असेल ते. पडद्यामागून बघितलेला तो हलणारा ट्रे माझ्या डोळ्यांपुढं आला. मी पदर सारखा केला आणि बाहेर आले.

दोन दिवसांनी तो गेला.

दहाव्याला सगळे नदीवर. पिंड मांडला, भात, वरण, त्याला आवडायचे म्हणून भजे. कावळा शिवला की मेलेल्याचं मन शांत, नाही शिवला तर इच्छा राहिली. समोर बाभळीवर चांगला गलेलठ्ठ कावळा येऊन बसला. बसला तो बसलाच. त्याचा थोरला पोरगा हात जोडून म्हणाला, "आबा, शेत विकणार न्हाई." कावळा बघत राहिला. धाकटा म्हणाला, "आईला अंतर देणार न्हाई." काही नाही. माझा नवरा रडत म्हणाला, "दादा, शेजाऱ्यासंगंचं बांधाचं भांडण मिटवतो." कावळ्यानं पंख साफ केले. जाऊबाईनं माफी मागितली, कशाची ते तिलाच ठाऊक. ऊन तापलं. पाहुणे घड्याळं बघायला लागले. गुरुजी म्हणाले, "कुणाला काही ठाऊक असेल, त्यांच्या मनात काही राहिलं असेल, तर बोला."

मला ठाऊक होतं. त्या अख्ख्या नदीकाठावर मला एकटीला ठाऊक होतं.

मी बायकांतून पुढं आले. सगळ्यांना वाटलं, धाकटी सून मोठ्या मनाची, आता माफ करणार. कुणीतरी "व्हय, व्हय, बोल बाई" म्हटलं. मी पिंडापुढं उभी राहिले, डोक्यावरचा पदर मागं सरकवला, आणि पहिल्यांदा त्याच्याशी थेट बोलले, मधे म्हैस नाही, भिंत नाही.

"शेवट माह्यापाशी हाय," मी म्हटलं. "कोण निघालं ते मला बराबर ठाऊक हाय."

देवाशप्पथ सांगते, कावळ्यानं मान वाकडी केली.

"पर आता मंडळी जेवायची हायेत," मी म्हटलं. "मला भाकरी टाकायच्यात."

आणि मी वळले आणि घरची वाट धरली. कुणाला काही कळलं नाही, फक्त नवऱ्याला कळलं, त्याचं तोंड पांढरं पडलेलं. कावळा शिवलाच नाही म्हणे. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि उरकलं. घरी आल्यावर नवरा म्हणाला, "काहून असं केलंस? मेलेल्या माणसासंगं?" मी म्हटलं, "जित्या माणसासंगं त्याहिनी केलं तवा तुमी हसला व्हता." तो उठून गोठ्यात गेला. मला बरं वाटलं. पाप लागेल म्हणतात, लागू दे. लई बरं वाटलं.

तेरावा झाला, पाहुणे गेले. एका दुपारी जाऊबाई आली. कपाळ मोकळं, हातात नुसतं पितळी कडं. ओसरीवर टेकली आणि इकडं तिकडं बघून म्हणाली, "तू मला सांगणार व्हतीस."

"सांगत न्हाई, दाखवते," मी म्हटलं. पिठाच्या डब्यातून चकती काढली, फुंकली, पदरानं पुसली. ओसरीवरच टीव्ही मांडलेला. त्याच जागी, जिथं बाप्ये बसायचे, तिथं मी सतरंजी घातली आणि तिला भिंतीला टेकून बसवलं. तिनं पहिल्यांदा पाय लांब केले. सिनेमा सुरू झाला. तिला अर्धाअधिक आठवत होता. वाड्यातली जेवणं आली तेव्हा मी म्हटलं, "आता बघा, कोण खात न्हाई ते बघा." ती पोरीसारखी वाकून बघायला लागली.

जिथं दुसरी सीडी संपायची ती जागा आली. दार करकरतं, दिवा विझतो, तीच जागा. आणि माझी जाऊबाई गुडघ्यावर हात टेकून उठायला लागली.

"कुठं निघालात?"

"भाकरी..." ती म्हणाली. त्या घडीला घरात खाणारं कुणी नव्हतं. परातीत पीठ नव्हतं. तिचा नवरा मेलेला होता. तरी उठली.

माझे डोळे भरून आले. सगळ्या वर्षांत रडले नाही तेवढी त्या एका शब्दावर रडले. तिचं मनगट धरलं आणि खाली ओढलं. "बसा बाई. कुणीबी उठवत न्हाई."

ती बसली. पुढचा भाग सुरू झाला. सगळी माणसं एका खोलीत जमली, आणि आता नाव येणार, तेवढ्यात डोक्यावर टिनावर नख्या वाजल्या. कावळा उतरला होता. एकदा ओरडला. जाऊबाईनं वर बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. तिचं तोंड कसनुसं झालं. मला वाटलं, आता ही म्हणणार, ऐकू दे बिचाऱ्याला.

पण तिनंच रिमोट उचलला, आणि आवाज बारीक केला. आम्ही दोघी सरकून टीव्हीला नाक लावून बसलो, आणि ऐकलं.

पडद्यावर नावं सरकायला लागली, तशी ती म्हणाली, "म्हंजी सून न्हवती व्हय?"

"न्हवती बाई. कधीच न्हवती."

कोण होतं ते मी इथं लिहीत नाही. कावळा अजून रोज टिनावर येतो.